दुसरी मोळी

सुमंत जामगावकराने नोकरी निवडली त्या दिवशी नगरला त्याच्या घरी पुरणपोळी होती, आणि ती कोणाच्या घशाखाली उतरली नाही. पोळी केली होती मुलगा मुंबईहून परीक्षा पास होऊन आला म्हणून. ताटं वाढून झाली आणि त्याने सांगून टाकलं, की मी वकिली करणार नाही, कलेक्टर कचेरीतही जाणार नाही; कोपरगावकडच्या साखर कारखान्यात लेबर ऑफिसर म्हणून जाणार.

वडील नृसिंहराव कोर्टात शिरस्तेदार. घराण्यात बापजाद्यांपासून कोणी दप्तर सोडून दुसरं काही धरलं नव्हतं. कचेरीतल्या जागेसाठी त्यांनी दोन-चार उंबरे झिजवले होते आणि स्वभावाने ताठ माणसाला उंबरे झिजवणं किती जड जातं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"लेबर ऑफिसर म्हणजे करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"कामगारांची भरती, त्यांची गाऱ्हाणी, राहण्याखाण्याची सोय. मालक आणि कामगार यांच्या मधला माणूस, अप्पा."

"माणसं हाकायला मुकादम असतो. त्यासाठी बी.ए. कशाला व्हावं लागतं?" नृसिंहरावांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "आणि मधला माणूस म्हणजे जात्यातला दाणा. वरच्या तळीचं काही जात नाही, खालच्या तळीचं काही जात नाही. पीठ होतं ते दाण्याचं."

सुमंत हसला. विशी-पंचविशीत बापाचं बोलणं म्हणजे जुनं पंचांग. त्याला माणसांची मनापासून ओढ होती. शाळेत असताना तो अप्पांचा डबा घेऊन कोर्टात जाई, तेव्हा लिंबाखाली खेड्यापाड्याचे पक्षकार सकाळपासून बसलेले दिसत. नावाचा पुकारा झाला की पटका सावरत धडपडत आत पळत आणि जरा वेळाने तसेच बाहेर येत. नावाखेरीज त्यांना कोणी काही विचारत नसे. तुझं गाव कोणतं, जेवलास का, एवढंसुद्धा नाही. आपण विचारणारा माणूस व्हायचं, असं सुमंताने तेव्हा ठरवून टाकलं होतं. पोरवयात माणूस फार काय काय ठरवतो. बहुतेकांचं ते सुदैवाने विसरलं जातं, याचं राहिलं.

लढाई संपून वर्ष झालं होतं. जिकडेतिकडे संपांच्या बातम्या होत्या आणि कारखानदारांना सुटाबुटातला, गोड बोलणारा, शिकलेला माणूस हवा होता. गोदाकाठच्या त्या कारखान्यात सुमंत आला तेव्हा तिथे छगन मुकादमाचं राज्य होतं. हंगामाच्या तोंडाशी कर्जत, श्रीगोंद्याकडची कोरडवाहू माणसं गेटाशी येऊन बसत आणि छगन हातातल्या वेताने एकेकाच्या खांद्याला टोचून म्हणे, "तू ये. तू चल हो." ज्याने त्याच्या घरी कोंबडं पोचवलं असेल तो आत, नाही तो बाहेर. सुमंताने महिन्याभरात ते राज्य बुडवलं. तो स्वतः गेटावर उभा राहिला, एकेकाला नाव-गाव विचारलं, काम बघितलं आणि माणसं घेतली. विशेष म्हणजे तो कामगारांना अहो-जाहो करी. कारखान्यात याची फार चेष्टा झाली. पण थोड्याच दिवसांत माणसं आपणहून त्याच्याशी बोलू लागली. कोणाची बायको कितव्यांदा अडलीय, कोणाचा भाऊबंदकीचा दावा कुठे अडकलाय, सगळं त्याला तोंडपाठ. मॅनेजर शामकांतराव म्हणत, "जामगावकर, तुम्ही म्हणजे आमचे कान आहात." सुमंताला ही स्तुती वाटली. कान असणं ही काय चीज आहे ते त्याला पुढे कळलं.

हंगाम सुरू व्हायच्या दिवशी मोळीचा समारंभ असतो. मालक आणि मालकीणबाई उसाच्या पहिल्या मोळीला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि ती गव्हाणीत टाकतात. गव्हाण म्हणजे जिच्यावरून ऊस सरकत सरकत चरकाकडे जातो ती साखळ्यांची लांबच लांब खोबण. समारंभ आटोपला की भोंगा होतो आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत कारखाना थांबत नाही.

सुमंताच्या सुपीक डोक्यात आलं, की पहिली मोळी मालकांची, ठीक. दुसरी कामगारांची का नसावी? त्यांनीच आपल्यातला एक माणूस निवडावा आणि त्याने ती टाकावी. मुंबईच्या अभ्यासक्रमात असल्या गोष्टींना फार मोठी नावं होती. त्याने भीत भीत मॅनेजरांना विचारलं. शामकांतराव शांत गृहस्थ. खादीचा कोट, कपाळाला बारीक गंध, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "सुंदर कल्पना आहे. त्यांनाच निवडू द्या हं. तुम्ही नाव सुचवू नका."

समारंभात सुमंताने हाळी दिली, की तुमच्यातला माणूस पुढे करा. त्याला वाटलं होतं वादावादी होईल. कर्जतचे म्हणतील आमचा, नेवाशाचे म्हणतील आमचा. तसं काही झालं नाही. सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. तिथे बॉयलरवर चिपाडं सारणारा गोरक्ष उभा होता. काष्टीजवळच्या वाडीचा, चाळिशीचा, उंच, जरा पोक आलेला.

"मला कशापायी?" तो म्हणाला. "म्हाताऱ्या मान्साला द्या."

माणसांनी त्याला ढकललंच. त्याने धोतराचा काचा मारला, मोळी खांद्यावर घेतली, कपाळ टेकवलं आणि गव्हाणीत टाकली. काय टाळ्या पडल्या! सुमंताला भरून आलं. शेजारी बसलेले शामकांतराव त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "वा. माणसं ऐकतात तर याचं."

"हो, साहेब," सुमंत आनंदाने म्हणाला. "फार चांगला माणूस आहे."

त्या हंगामात गोरक्षाची आणि त्याची चांगली गट्टी जमली. गोरक्षाची बायको राहीबाई कामगारांच्या वस्तीत राही. सुमंत फेरीवर गेला की त्याला दारात बसवून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊ घाली. गोरक्ष काही देवमाणूस वगैरे नव्हता. तोंडाचा फटकळ होता, तंबाखूवरून शेजाऱ्यांशी भांडे, राहीबाईशी तर रोज. पण तो बोलला की बाकीचे गप्प होत, याला काही इलाज नव्हता.

ऐन हंगामात एका फोरमनने एका कामगाराच्या थोबाडीत मारली. पाळीतल्या सगळ्यांनी हातातलं टाकलं आणि बाहेर आले. छगनची माणसं आगीत तेल ओतायला होतीच. सुमंत धापा टाकत पोचला, तोवर गोरक्ष ओट्यावर चढला होता.

"आधी गळीत, मग भांडान," तो म्हणत होता. "बाहीर गाड्यांत वाळतोय त्यो ऊस आपल्याच भावाबंदांचा हाय. फोरमनचं काय करायचं ते सायब करत्याल. न्हाई केलं तर मी हाय की."

माणसं मुकाट आत गेली. सुमंताने फोरमनला माफी मागायला लावली आणि संध्याकाळी मॅनेजरांना हे सारं मोठ्या अभिमानाने सांगितलं. गोरक्षाने शब्द टाकला आणि संप जागच्या जागी थांबला, साहेब. शामकांतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "मोठं काम केलं त्याने," ते म्हणाले. सुमंत घरी गेला तो तरंगतच.

आता कारखान्याची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हंगाम संपला की हंगामी कामगार आपापल्या गावी जातात. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्याचा माणूस गावोगाव जाऊन सांगावा देतो, की अमक्या दिवशी या. सांगावा आला की माणूस कामावर. नाही आला तर नाही. कोणाला काढलं असं होत नाही, कारण सांगायचा प्रश्न येत नाही, तक्रारही कोणाकडे करायची? बोलावलं नाही, इतकंच. फार सभ्य पद्धत आहे ही. रक्त सांडत नाही.

पुढच्या वर्षी, स्वराज्य आलं त्या सालच्या दसऱ्याला, सुमंत सांगाव्याची नावं घेऊन मॅनेजरांसमोर उभा राहिला. शामकांतराव डोळे मिटून ऐकत होते. एका नावाशी त्यांनी डोळे उघडले.

"गोरक्षाला या वर्षी राहू द्या."

सुमंताला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, गोरक्ष तो... ज्याने संप थांबवला."

"म्हणूनच," शामकांतराव म्हणाले. "अहो, जो थांबवू शकतो तो सुरूही करू शकतो. भाषणं करणाऱ्याची मला भीती नाही. संप लागतो तो ज्याचं ऐकतात त्याच्यामुळे. असा माणूस कोण ते हुडकायला लोकांना वर्षं लागतात. तुम्ही एका सकाळीत दाखवलात. मी मालकांना तसं सांगितलंही आहे."

पायाखालची फरशी सरकली तर माणूस काहीतरी धरायला बघतो. सुमंताने खुर्चीची पाठ धरली. आपण गोरक्षाचा मान केला नव्हता. त्याच्या पाठीवर खूण केली होती, बाजारात बैलाच्या करतात तशी. आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. तो त्या दिवशी प्रथमच मॅनेजरांशी वाद घालायला बसला. गोरक्षाला घ्याच म्हणाला. त्याच्या जमिनीला पाणी नाही, हंगामाखेरीज त्याचं भागत नाही, हेही सांगितलं. शामकांतरावांनी चहा मागवला.

"तुमचं मन मोडवत नाही," ते शेवटी म्हणाले. "असं करा. सांगावा नको, पण मोळीच्या दिवशी त्याला गेटाशी येऊन थांबायला सांगा. दुसऱ्या मोळीची प्रथा तुम्ही छान पाडलीत, ती याही वर्षी होऊ द्या. गोरक्ष आत नाही म्हटल्यावर माणसं कोणाला पुढे करतात ते बघू. तसा नवा माणूस पुढे आला, तर गोरक्षाला घ्यायला माझी काही हरकत नाही. मग तो एवढा महत्त्वाचा राहत नाही, नाही का?"

चहा संपेपर्यंत त्यांनी दुसऱ्याच विषयावर गप्पा मारल्या.

घरी येऊन सुमंताने इंदूला सगळं सांगितलं. इंदू त्याची बायको, गेल्याच वर्षी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आलेली. ती मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे एकाला आत घ्यायला दुसरा दाखवून द्यायचा. पुढच्या वर्षी त्याला बोलावायचं नाही."

"मी राजीनामा देतो."

इंदूने मेथीची जुडी बाजूला ठेवली. माघात सुमंताच्या बहिणीचं, प्रेमलाचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे तालेवार. भाऊ कारखान्यात ऑफिसर आहे, बंगलेवजा क्वार्टर आहे, हे ऐकून त्यांनी होकार दिलेला. इंदू यातलं काही बोलली नाही. "मी अडवायची नाही," एवढंच म्हणाली आणि पुन्हा जुडी हातात घेतली. अडवलं असतं तर सुमंताला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

तो आठवडी बाजार धरून काष्टीला गेला. गाडीतून उतरला तोच बैलबाजाराचा कलकलाट कानावर आला. गोरक्ष एका खोंडाचे दात बघत होता. विकत घ्यायचा नव्हता, पण कोणीतरी पारख करायला बोलावलं होतं. इथेही लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. सुमंताला बघून त्याने खोंडाचं तोंड सोडलं आणि धोतराला हात पुसले.

"सांगावा घिऊन सवता सायब आलं जनू," तो म्हणाला. "राहीनं परवापसनं गठुडं बांधून ठेवलंय."

दोघे एका हॉटेलच्या पालात बसले. सुमंताने काही लपवलं नाही. गोरक्ष ऐकत भज्यांचा चुरा बोटाने गोळा करत राहिला. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती.

"म्हंजी तुमी मला हारतुरं घालून खड्ड्यात लोटलं," तो म्हणाला.

"हो."

"जानून न्हाई लोटलं, ते ठावं हाय. पर खड्डा त्यो खड्डाच."

"मी सोडतो ही नोकरी, गोरक्षबा. मला नाही जमत."

"सोडून काय हुनार? तुमी गेलाव की दुसऱ्या दिशी छगन गेटावर येतुया, वेत घिऊन. आमास्नी पुन्ना कोंबडी पोचवायला लावनार." त्याने चहा बशीत ओतला. "तुमी लई शहानं न्हाई, पर मानूस म्हून बोलता. तिथंच ऱ्हावा."

म्हणजे तोही दार बंद करून मोकळा झाला. सुमंताला वाटलं, आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर किती सोपं झालं असतं. ज्याचं नुकसान केलं त्यानेच तुम्हाला जागेवर बसवून ठेवावं, याच्यापुढे राजीनाम्याचा कागद अगदी पोरखेळ दिसतो.

"दुसरी मोळी हाय म्हनता या साली बी?" गोरक्षाने विचारलं. "मान कुनाला?"

"ते तुमची माणसं ठरवतील."

गोरक्षाने बशीतला चहा संपवला. "येतो मी मोळीला," तो उठत म्हणाला. "गेटाशी हुभा ऱ्हाईन."

मोळीच्या दिवशी सकाळपासून कारखाना धुऊन पुसून सजला होता. गव्हाणीला झेंडूच्या माळा, वर नवा तिरंगा. नृसिंहराव मुलाच्या कारखान्यात प्रथमच आले होते. जरीकाठी उपरणं घेऊन पहिल्या रांगेत, मालकांच्या नातलगांशेजारी बसले होते. त्यांना ती जागा शामकांतरावांनी स्वतः दिली होती. इंदू मागे बायकांत होती. सुमंताच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं.

गेट तिथून सरळ समोर दिसत होतं. गजांच्या पलीकडे गोरक्ष उभा होता, काखेत गाठोडं. राहीबाई नव्हती. पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही, त्यानेही आत येण्याचा आग्रह धरला नाही.

यंदा कोणाचं नाव निघणार ते सुमंताला ठाऊक होतं. गोरक्षाच्या माघारी माणसं बन्सीचं ऐकत. बन्सी चरकावरचा, अबोल, कर्जतकडचा. त्याची थोरली मुलगी मनकर्णा नुकती उजवली होती, धाकटीला डोळ्यांचं दुखणं होतं. सुमंताला हे सगळं ठाऊक होतं. तेच तर त्याचं काम होतं. विचारणारा माणूस व्हायचं होतं ना? झाला होता. आता ज्याच्याबद्दल जास्त ठाऊक, त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती. गेले काही दिवस तर तो कोणाचं चांगलं बोलायचंच टाळत होता. शामकांतरावांनी विचारलं, अमका कसा आहे, की हा म्हणे, "बरा आहे, सुमार." गुणी माणसांना सुमार म्हणण्यात तो चांगला तरबेज झाला होता.

मालकांची मोळी पडली. मालकीणबाईंनी कुंकू वाहिलं. मग शामकांतरावांनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

सुमंत पुढे आला. बन्सीचं नाव निघालं तर गोरक्ष आज आत येणार, आणि पुढच्या दसऱ्याला बन्सीच्या वाडीत सांगावा जाणार नाही. नाव निघालं नाही तर गोरक्षाने आल्या वाटेने परत जायचं. सगळं इतकं स्वच्छ होतं.

"तुमच्यातला माणूस पुढे करा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला.

एकही मान वळली नाही. माणसं सरळ समोर बघत उभी होती, देवळात आरतीला राहतात तशी. गव्हाणीवर मधमाश्या घोंगावत होत्या. आणि मग गर्दीतून बन्सीच पुढे सरकला. मागे फिर बाबा, त्याला म्हणावंसं वाटलं.

"आमी समद्यांनी मिळून ठरवलंया," बन्सी म्हणाला. पाठ केलेलं म्हणावं तसं तो बोलत होता. "ह्या साली मान लेबर सायबांचा. आमचा मानूस म्हंजी त्येच."

मग टाळ्या झाल्या. गेल्या वर्षीच्या टाळ्यांना उकळी फुटली होती. या टाळ्या सगळ्यांनी एकदम सुरू केल्या आणि एकदम थांबवल्या. सुमंताने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग नव्हता आणि माया आहे असंही म्हणता आलं नसतं. त्याला कळलं. काष्टीच्या बाजारातून गोरक्षाचा निरोप वाडीवाडीला फिरला होता. आपली जागा मिळवायला बन्सीचं नाव नको, असं त्याने ठरवलं होतं, आणि त्यासाठी गाठोडं बांधून इथवर आला होता, आपण समोर दिसावं आणि कोणी कामगाराचं नाव काढू नये म्हणून.

नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं तर दुसरं नाव काढावं लागलं असतं. सुमंत वाकला. मोळी त्याला वाटलं त्याहून फार जड होती. खांद्यावर घेताना पाचटाच्या धारेने मानेला चरचरीत कापलं. तो तोल सावरत गव्हाणीपर्यंत गेला आणि मोळी आत लोटली. साखळ्यांनी ती ओढून नेली.

परत वळताना त्याच्या मनात एक विलक्षण विचार आला, आणि त्या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. यंदा खूण माझ्या पाठीवर झाली! ज्याचं ऐकतात तो नको, हा इथला कायदा. मग पुढच्या वर्षी सांगावा मला नाही. मी सोडून गेलो असं कोणी म्हणणार नाही, प्रेमलाचं लग्न तोवर होऊन जाईल, मी सुटलो.

शामकांतराव खुर्चीतून उठून पुढे आले. "वा," ते म्हणाले. "माणसं ऐकतात तर तुमचं."

"हो, साहेब," सुमंत म्हणाला. अगदी गेल्या वर्षीसारखंच.

"मग आता तुम्हाला कुठे जाऊ देत नाही आम्ही." शामकांतरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "असा माणूस हाताशी असला की कारखान्याला काय कमी? मालकांशी आत्ताच बोललो. नदीकडचा बंगला तुम्हाला द्यायचा. आणि यंदा पाळीचे तास वाढवायचे आहेत, ते माणसांच्या गळी तुम्हीच उतरवा. तुमचं ऐकतील."

सुमंताने गेटाकडे बघितलं. "साहेब, आणि गोरक्षाचं..."

"कोणी नवा माणूस पुढे आला का? नाही ना? मग कसं घेणार?" शामकांतराव खरोखर दुःखी दिसले. "चला, तुमचे वडील वाट बघताहेत."

नृसिंहराव उपरण्याने डोळे टिपत होते. सुमंताने त्यांना आई गेली तेव्हाही असं बघितलं नव्हतं. "मी चुकलो रे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, मुकादमी करणार पोरगा. एवढी माणसं, पण एका तोंडाने तुझं नाव घेतलं त्यांनी. आमच्या कोर्टात जन्म घालवून मला चपराश्याने सुद्धा असा मान दिला नाही. पेशा बरोबर निवडलास हो. माणसांचं काम तुला साधलं."

सुमंत खाली वाकून त्यांच्या पाया पडला. तेवढा वेळ तरी तोंड कोणाला दिसत नव्हतं.

तो उठला तेव्हा भोंगा झाला. गजांच्या पलीकडे गोरक्षाने गाठोडं खाली ठेवलं, दोन्ही हात जोडून आतल्या बाजूला नमस्कार केला, गाठोडं उचललं आणि स्टेशनच्या वाटेला लागला. पोक काढून, लांब लांब टांगा टाकत तो चालला होता. त्याला अडवायला गेट कुठे होतं?

"तो कोण रे?" नृसिंहरावांनी विचारलं. "तुला नमस्कार करून गेला. चांगला माणूस दिसतो."

शामकांतराव शेजारीच उभे होते. त्यांनी गंध जरा नीट केलं आणि उत्तर ऐकायला कान देऊन थांबले.

"कोण जाणे, अप्पा," सुमंत म्हणाला. "मी नाही ओळखत."

"बरं, चला," शामकांतराव म्हणाले. "पानं वाढली असतील."